श्रीप्रकाश ते सादिक अली : महाराष्ट्राचे सुरुवातीचे राज्यपाल, यादीपलीकडची माणसं

शिकवणी

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींना राज्यव्यवस्था शिकवते. राज्यपालांची यादी त्यांना घडाघडा येते : श्रीप्रकाश, पी. सुब्बरायन, विजयालक्ष्मी पंडित, पी. व्ही. चेरियन, अली यावर जंग, सादिक अली. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सुब्बरायन सहा महिनेसुद्धा नव्हते. त्यांना काढलं होतं का?" काढलं नव्हतं, पदावर असताना ते वारले, एवढं मी तिला सांगितलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. वर्षानुवर्षं आपण मुलांकडून नुसती नावं पाठ करून घेतोय. ही माणसं मलबार हिलवरच्या राजभवनात आली तेव्हा प्रत्येकाच्या पाठीशी तीस-चाळीस वर्षांचं काम होतं, आणि ते काम राज्यपालपदापेक्षा कितीतरी मोठं होतं. ते इथं एकत्र यावं म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते लिहिते, तुम्ही भर घाला.

श्रीप्रकाश बनारसचे, जन्म १८९०. वडील डॉ. भगवान दास, म्हणजे १९५५ साली भारतरत्न मिळालेले तत्त्वज्ञ. मुलगा केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाला आणि परत येऊन काँग्रेसच्या कामात पडला. फाळणी झाल्यावर कराचीत भारताचा पहिला उच्चायुक्त म्हणून कोणाला पाठवायचं हा प्रश्न होता. तिथं गेले ते श्रीप्रकाश. सिंधमधून निघालेल्या निर्वासितांच्या त्या दिवसांत कराचीतल्या त्या खुर्चीवर बसणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. पुढं आसामचे राज्यपाल, केंद्रात मंत्री, मद्रासचे राज्यपाल आणि डिसेंबर १९५६ पासून मुंबईचे. १ मे १९६० ला राजभवनात नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचं उद्घाटन झालं तेव्हा तेच राज्यपाल होते. मुंबईचे शेवटचे आणि महाराष्ट्राचे पहिले. वय एकोणसत्तर.

सुब्बरायन यांच्याबद्दल तर मला तासभर बोलावंसं वाटतं. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडजवळच्या कुमारमंगलमचे ते जमीनदार. शिक्षण मद्रास आणि ऑक्सफर्ड. १९२६ ते १९३० मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री, तेही अपक्ष म्हणून. पुढं राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या) मंत्रिमंडळात मंत्री, घटना समितीचे सदस्य, इंडोनेशियात राजदूत, मग केंद्रात वाहतूक आणि दळणवळण मंत्री. १९३० च्या दशकाच्या शेवटापासून १९४६ पर्यंत क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही तेच होते. १९१२ च्या सुमारास त्यांनी मंगळूरच्या सारस्वत घरातल्या राधाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. राधाबाई म्हणजे दलितांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या कुद्मल रंगरावांची मुलगी. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्या स्त्रियांच्या प्रतिनिधी होत्या आणि १९३८ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री सदस्य.

आणि मुलं? थोरला मुलगा जनरल कुमारमंगलम, १९६६ ते १९६९ देशाचा लष्करप्रमुख. आणखी एक मुलगा मोहन कुमारमंगलम, आधी कम्युनिस्ट, पुढं इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात. मुलगी पार्वती कृष्णन, कम्युनिस्ट पक्षाची खासदार. एवढं सगळं एका घरात! १७ एप्रिल १९६२ ला सुब्बरायन मुंबईत आले आणि ६ ऑक्टोबरला गेले. त्यांच्या वाट्याला महाराष्ट्र एवढाच आला.

पुढचं तुम्ही लिहा. विजयालक्ष्मीबाईंबद्दल कोणी कोकणातलं लिहील तर फार बरं होईल.

जुनीवही

ताई, धागा सुंदर. पण श्रीप्रकाशांपासून सुरुवात केली की त्याआधीचा अर्धा भाग निसटतो. मुंबई राज्याचे राज्यपालही आपलेच, कारण पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण त्यांच्याच अखत्यारीत होतं.

१५ ऑगस्ट १९४७ नंतरही मुंबईचे गव्हर्नर इंग्रजच होते, सर जॉन कोलव्हिल. ६ जानेवारी १९४८ ला राजा महाराज सिंग आले. ते या गादीवरचे पहिले भारतीय. कपूरथळ्याच्या राजघराण्याची जी शाखा ख्रिस्ती झाली, त्यातले. केंद्रातल्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या त्यांच्या सख्ख्या बहीण. १९३२ ते १९३५ ते दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते, तिथल्या भारतीयांची गाऱ्हाणी मांडत. त्यांच्याच काळात पुणे विद्यापीठ उभं राहिलं आणि गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा बंगला विद्यापीठाला मिळाला. आज आपण विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतो ती तीच.

त्यांचा एक विक्रम अजून अबाधित आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर कॉमनवेल्थ संघाविरुद्ध गव्हर्नरांचा संघ उतरला, आणि कप्तान स्वतः गव्हर्नर. वय बहात्तर. जिम लेकरनं त्यांना बाद केलं तेव्हा त्यांच्या खात्यात ४ धावा होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये इतक्या वयात पदार्पण करणारा दुसरा कोणी नाही.

त्यांच्यानंतर गिरिजाशंकर बाजपेयी. हे आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतले अधिकारी. युद्धकाळात अमेरिकेत हिंदुस्थानचे एजंट-जनरल, आणि स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्याचे पहिले महासचिव. नेहरू परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवून होते, पण ते खातं रोज चालवायचं, माणसं नेमायची, पत्रव्यवहाराची घडी बसवायची हे काम बाजपेयींनी केलं. १९५२ ला मुंबईत आले, डिसेंबर १९५४ मध्ये पदावर असतानाच गेले.

गोदातीर

जुनीवही सरांनी मुंबईची बाजू मांडली, मी मराठवाड्याची मांडतो.

आमच्याकडे १९५६ पर्यंत राज्यपालच नव्हता, राजप्रमुख होता. आणि राजप्रमुख कोण, तर मीर उस्मान अली खान. ज्या निजामाच्या राजवटीविरुद्ध आमच्या आजोबांच्या पिढीनं तुरुंग भोगले, रझाकारांचे अत्याचार सोसले, तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा घटनात्मक प्रमुख. १७ सप्टेंबरला आम्ही मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, पण ही सहा-सात वर्षं शाळेत कोणी शिकवत नाही. माझे आजोबा सांगायचे, की सरकारी कागदावर ते नाव दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही. दिल्लीला कारण असेल, संस्थान शांतपणे विलीन करून घ्यायचं होतं. पण ज्यांनी सोसलं त्यांना ते पटलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

म्हणून १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आमच्यासाठी दुहेरी. निजामाचं राजप्रमुखपद संपलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला.

शिकवणी

गोदातीर, हे मी पुढच्या तासाला मुलांना सांगणार आहे. राजप्रमुख हा शब्द पुस्तकात एका ओळीत येतो आणि ते पुढं जातात. त्या ओळीमागं तुमच्या आजोबांचं न गिळलेलं जेवण आहे, हे कुठं लिहिलेलं नसतं.

नागपुरी संत्रं

आमचंही वेगळं. विदर्भ तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. १९४७ ते १९५२ मंगलदास पकवासा राज्यपाल, हे मुंबई विधान परिषदेचे माजी अध्यक्ष. त्यांच्यानंतर पट्टाभि सीतारामय्या, काँग्रेसचा इतिहास लिहिणारे, १९३९ मध्ये सुभाषबाबूंविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले. म्हणजे आज महाराष्ट्र म्हणतो त्या भूमीवर १९५० च्या दशकात तीन वेगवेगळे घटनाप्रमुख होते : मुंबईत एक, नागपुरात एक, हैदराबादेत एक. तीन वेगळ्या सवयी, तीन वेगळी प्रशासनं. विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकासाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये आली, ती १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं. ही पार्श्वभूमी कळल्याशिवाय ते कलम कळत नाही.

जुनीवही

पट्टाभींचं नाव आलं म्हणून सांगतो. मुंबईत बाजपेयींनंतर मार्च १९५५ मध्ये हरेकृष्ण महताब आले, ओडिशाचे. १९४२ च्या चळवळीत काँग्रेस कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं होतं. त्या कैद्यांत नेहरू, पटेल, आझाद यांच्याबरोबर महताबही होते आणि पट्टाभीही. म्हणजे आपल्या नगरच्या किल्ल्यातले दोन कैदी दहा-बारा वर्षांनी आपल्याच दोन भागांचे राज्यपाल झाले, एक मुंबईला, एक नागपूरला.

त्याच किल्ल्यात तिसरा एक कैदी होता, शंकरराव देव. १९५५ च्या शेवटी संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेते शंकरराव होते आणि राजभवनात महताब. गोळीबाराचे निर्णय मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळाचे, राज्यपालांचे नव्हेत, हे मान्य. पण जानेवारी १९५६ च्या त्या दिवसांत, गोळीबाराच्या बातम्या वर मलबार हिलवर पोचत असताना, एकाच बराकीत राहिलेल्या या दोघांच्या मनात काय चाललं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये महताब राजीनामा देऊन ओडिशाचे मुख्यमंत्री व्हायला गेले. मधल्या दोन महिन्यांत मुख्य न्यायाधीश एम. सी. छागलांनी राज्यपालपद सांभाळलं. १ नोव्हेंबरला मराठी-गुजराती असं द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले, तेव्हा राजभवनात छागला होते.

परखड

सगळं वाचतोय. माहिती चांगली आहे, पण मला एक म्हणायचं आहे. आपण या मंडळींना जरा जास्तच डोक्यावर घेतोय. पद मुळातच निवृत्तांच्या सोयीचं. महिना ५,५०० रुपये पगार घटनेनं ठरवून दिलेला, वर बंगला, महाबळेश्वर, पुणे. निवडणूक हरलेल्याला किंवा दिल्लीत नको असलेल्याला पाठवायची जागा. आणि श्रीप्रकाशांचं मद्रासचं प्रकरण कोणी का लिहिलं नाही? १९५२ च्या निवडणुकीत मद्रासमध्ये काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा. बहुमत नाही. विरोधकांनी प्रकाशम यांच्या नेतृत्वाखाली आघाडी केली आणि आपल्याकडे जास्त आमदार असल्याचा दावा केला. राज्यपालांनी बोलावलं कोणाला, तर राजाजींना. राजाजी विधानसभेत निवडूनही आले नव्हते, त्यांना विधान परिषदेवर नेमून घेतलं. आज जे चालतं त्याची सुरुवात तिथंच आहे.

शिकवणी

परखड, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. मद्रासचा निर्णय मला स्वतःला चुकीचा वाटतो, आणि मुलांना मी तो तसाच शिकवते. सगळ्यात मोठा पक्ष आधी, की निवडणुकीनंतरची आघाडी आधी, हा प्रश्न पहिल्याच निवडणुकीत आला आणि पहिलंच उत्तर केंद्राला सोयीचं निघालं. श्रीप्रकाश सज्जन होते, कराचीत त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं, तरीही. सज्जन माणसाकडूनही असं होतं म्हणूनच या पदाचे नियम नीट हवेत.

पण निवृत्तांची सोय हे मला मान्य नाही. मसुदा घटनेत राज्यपाल निवडणुकीनं यावेत असं होतं. मे १९४९ मध्ये घटना समितीनं ते बदललं आणि राष्ट्रपतींनी नेमायचं ठरवलं. कारण उघड होतं : मुख्यमंत्रीही निवडून आलेला, राज्यपालही निवडून आलेला, मग दोघांची भांडणं कोण मिटवणार? म्हणजे त्यांना अशी माणसं हवी होती जी राज्यातल्या गटबाजीबाहेरची असतील. आता आपली यादी बघा. सुब्बरायन लोकसभेतून, केंद्रीय मंत्रिपदावरून आले. विजयालक्ष्मी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष होऊन आल्या. हरलेले, नको असलेले यात कोण?

परखड

सुब्बरायन आणि विजयालक्ष्मी यांच्याबद्दल मागे घेतो. मद्रासबद्दल नाही.

कुडाळकर

ताईंनी कोकणातल्या माणसाला हाक मारली म्हणून लिहितो.

विजयालक्ष्मी पंडित म्हटलं की नेहरूंची बहीण एवढंच सांगतात. आमच्याकडे त्या बांबुळीच्या सून. बांबुळी कुडाळजवळ. त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित यांचं घराणं इथलं, वडील बॅरिस्टरी करायला राजकोटला गेले म्हणून मुलगा तिकडं वाढला. रणजित पंडित संस्कृतचे मोठे विद्वान, तुरुंगात असताना त्यांनी कल्हणाच्या राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद केला. याच बांबुळीचे शंकर पांडुरंग पंडित, ज्यांनी विष्णुशास्त्री पंडितांबरोबर १८६९ मध्ये तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश प्रत काढली. आजही अभ्यासक ती प्रत उघडतात.

रणजितराव जानेवारी १९४४ मध्ये गेले, तुरुंगातली आजारपणं अंगावर घेऊन. बाईंना तीन मुली, मुलगा नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्यात अशा विधवेचा नवऱ्याच्या संपत्तीवर हक्क फार तुटपुंजा. १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात मंत्री झालेली बाई, आणि नवरा गेल्यावर तिच्या हाती काही राहिलं नाही. त्यानंतर त्या उभ्या राहिल्या त्या अशा : मॉस्को आणि वॉशिंग्टनला राजदूत, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, मग लंडनला सात वर्षं उच्चायुक्त. आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल. सासरच्या मुलखात, पण सासरच्या वाड्यात नव्हे, राजभवनात.

जुनीवही

तो नोव्हेंबर विसरू नका. ६ ऑक्टोबरला सुब्बरायन गेले, २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला, २० नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री, २८ नोव्हेंबरला विजयालक्ष्मी राज्यपाल. दोन महिन्यांच्या आत राज्याची दोन्ही मोठी पदं बदलली. साधारण वर्षानं, २४ नोव्हेंबर १९६३ ला, कन्नमवारही पदावर असताना गेले आणि वसंतराव नाईक आले. मे १९६४ मध्ये नेहरू गेले, तेव्हा विजयालक्ष्मी राजीनामा देऊन भावाच्या फुलपूरमधून पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि जिंकल्या.

वैद्यबुवा

चेरियन यांच्यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. डॉ. पी. व्ही. चेरियन कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, मद्रास मेडिकल कॉलेजचे प्राचार्य. मद्रासचे महापौर. १९५२ ते १९६४ मद्रास विधान परिषदेचे अध्यक्ष. पत्नी ताराबाई मद्रासच्या पहिल्या महिला महापौर. नवरा-बायको दोघांनी एकाच शहराचं महापौरपद भूषवलं आहे. नोव्हेंबर १९६४ ते नोव्हेंबर १९६९ महाराष्ट्रात, आणि तेही पदावर असतानाच गेले. कोयनेचा भूकंप त्यांच्याच काळातला.

वांद्र्याला श्रवण आणि वाचादोषांवर काम करणारी जी मोठी राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये सुरू झाली, तिला त्यांच्या नंतरच्या राज्यपालांचं नाव आहे, अली यावर जंग यांचं. माझ्या भाचीला तिथं ऐकायला शिकवलं. त्यामुळं ते नाव आमच्या घरात रोज घेतलं जातं.

गोदातीर

अली यावर जंग आमच्याकडचे, हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. निजामाच्या दरबारात राहूनही त्यांचा कल भारतात सामील होण्याकडे होता. मग कैरो (सुएझचा पेच चालू असताना तिथं ते आपले राजदूत होते), बेलग्रेड, पॅरिस. १९६५ मध्ये अलिगढचे कुलगुरू झाले आणि काही दिवसांतच विद्यार्थ्यांच्या जमावानं त्यांना जबर मारहाण केली. बरे होऊन ते त्याच खुर्चीवर परत बसले. पुढं वॉशिंग्टनला राजदूत, आणि १९७० पासून महाराष्ट्राचे राज्यपाल. ७२ चा दुष्काळ, रोजगार हमीची सुरुवात, आणीबाणी, हे सगळं त्यांच्या काळात. ११ डिसेंबर १९७६ ला गेले.

म्हणजे पहिल्या पाच राज्यपालांपैकी तिघे पदावर असताना गेले. सुब्बरायन, चेरियन, अली यावर जंग.

शिकवणी

गोदातीर, यात एक नातं राहिलं. अली यावर जंग यांची मुलगी बिल्कीस. तिचे यजमान एअर चीफ मार्शल इद्रिस लतीफ. १९८२ मध्ये लतीफ महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, आणि जिथून वडिलांना शेवटचा निरोप दिला त्याच राजभवनात बिल्कीस गृहिणी म्हणून परत आल्या. धारावीत त्यांनी पुष्कळ काम केलं.

मांडवी

गोव्याहून. आमच्याकडे १९८७ पर्यंत नायब राज्यपाल. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी के. आर. दामले हे मराठी आयसीएस अधिकारी नायब राज्यपाल होते, हे किती जणांना माहीत आहे? कौलाआधी मुख्यमंत्री बांदोडकरांचं सरकार बाजूला झालं होतं, कारभार थेट दामल्यांच्या हाती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही या प्रश्नावरचं मतदान एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली झालं, गोव्यानं वेगळं राहायचं ठरवलं, आणि त्या निकालावर दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवला. मी विलीनीकरणवाद्यांच्या घरातली आहे. आम्ही हरलो, पण मोजणीत लबाडी झाली असं आमच्या घरात कोणी कधी म्हणालं नाही.

नागपुरी संत्रं

आपली माणसंही बाहेर गेली. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. काकासाहेब गाडगीळ पंजाबचे. हरिभाऊ पाटसकर १९५७ ते १९६५ मध्य प्रदेशचे. पाटण्यात किंवा चंदीगडला असाच धागा निघाला तर त्यांची नावं यावीत असं वाटतं.

परखड

सादिक अली राहिले. शीर्षकात आहेत, खाली नाहीत.

शिकवणी

राहिले खरे, आणि आजच्या मुलांना सगळ्यात जवळचे तेच. उदयपूरचे गांधीवादी, जन्म १९१०. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा ते संघटना काँग्रेसचे, म्हणजे इंदिरा गांधींच्या विरोधातल्या गटाचे सरचिटणीस. बैलजोडी हे चिन्ह कोणाचं, यावर निवडणूक आयोगानं इंदिरा गांधींच्या बाजूच्या जगजीवन राम गटाला अनुकूल निकाल दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते सादिक अली. १९७१ मध्ये ते हरले. पक्ष फुटला तर संघटनेत आणि विधिमंडळात बहुमत कोणाकडे हे बघायचं, ही कसोटी त्या निकालानं पक्की झाली. त्यानंतर सहा वर्षांनी, एप्रिल १९७७ मध्ये, तेच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. जुलै १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, ती शपथ सादिक अलींच्या काळातली. फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा राष्ट्रपती राजवट लागली, तीही.

आणि २०२३ मध्ये शिवसेनेचं धनुष्यबाण, २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं घड्याळ, दोन्ही वेळा आयोगाच्या निकालपत्रात हेच नाव : सादिक अली विरुद्ध निवडणूक आयोग. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे ते आपल्याच राज्याचे राज्यपाल होते?" आता तिनं सुब्बरायन यांच्या राधाबाईंवर टिपण लिहायला घेतलं आहे. पूर्ण झालं की तिच्या परवानगीनं इथं टाकते.